कुंदाचा हात

कुंदाचा हात माझ्यापेक्षा चांगला होता, हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला ते समजावून सांगायला नको. आयुष्यभर लोक मला ते समजावत आले आहेत. आधी आई समजवायची, मग नवरा, आणि आता माझी स्वतःची मुलगीसुद्धा. कुंदा माझी आतेबहीण, माझ्यापेक्षा वर्षाने लहान, सिन्नरच्या पलीकडच्या एका खेड्यातली. तिच्या गावात सातवीपुढे शाळा नव्हती, म्हणून ती आमच्याकडे सातपूरला शिकायला आली आणि दोन वर्षं राहिली. त्या दोन वर्षांतलं बाकी बरंच मी विसरले. वर्गातल्या मुलींची नावं आता आठवत नाहीत, बाईंचे चेहरे एकमेकांत मिसळून गेलेत. पण एका प्लास्टिकच्या गाडीचं मात्र सगळं लक्षात आहे, आणि त्यातलं माझं वागणं काही शोभेसं नाही. तरी लिहिते. ज्यांच्यासमोर लाज वाटली असती ते आता नाहीत, आणि जी आहे तिला सगळं ठाऊक आहे.

वडिलांना मी दादा म्हणायचे. दादा एका कारखान्याच्या पेंटशॉपमध्ये होते. लोखंडी कपाटांना रंग मारायचा, भट्टीत भाजायचा, पुढच्या कपाटाला हात घालायचा, असं त्यांचं काम. आमचं घर म्हणजे कामगार वसाहतीतल्या दोन खोल्या आणि मागच्या दाराला एक ओटा. सकाळी पहिल्या पाळीचा भोंगा झाला की सगळ्या ओळीतले स्टोव्ह एकदम फरफरायला लागायचे, सायकली निघायच्या, आणि तासाभराने रात्रपाळीवाले परत येऊन दारात बूट आपटायचे. सहा दिवस दादा कपाटं करडी करायचे आणि सातव्या दिवशी मागच्या ओट्यावर बसून तळहातावर मावतील एवढ्या गाड्या रंगवायचे. आई भाकरी थापता थापता म्हणायची, "आठवडाभर रंग आन सुट्टीच्या दिवशीबी रंगच. कटाळा कसा येत नाय हो तुम्हाला?" दादा म्हणायचे, "तिथं साहेबाचा रंग असतो, इथं माझा." असं म्हणून ते ब्रशाच्या टोकाला जीभ लावायचे, आणि आई तोंड वाकडं करायची.

गाड्या यायच्या त्या गफूरचाचांकडून. गफूरचाचा दादांचे मित्र, टेम्पो चालवायचे. कारखान्याचा माल घेऊन मुंबईला जायचे आणि येताना तिथल्या जुन्या बाजारातून दबलेली, भिजलेली खोकी घेऊन यायचे. खोक्यावर चित्र एका गाडीचं असायचं आणि आत भाग निघायचे भलत्याच गाडीचे, तेही अर्धे. सुटे भाग एका प्लास्टिकच्या चौकटीला चिकटलेले असत. ते ब्लेडने कापून काढायचे, वॉटर पेपरने घासायचे आणि जोडायचे. सोबत कागद असायचा तो जपानी भाषेत. दादा तो समोर पसरून मन लावून वाचल्यासारखे बघायचे. जे भाग नसतील ते आम्ही बनवायचो. झिजलेल्या स्लिपरच्या रबरातून टायर कापायचे, गोळ्यांच्या पाकिटातल्या पारदर्शक फुगवट्यांचे हेडलाइट करायचे, रिफिलच्या नळीचा सायलेन्सर. हल्ली माझी मुलगी मोबाइलवर दाखवते, काय वाटेल ती गाडी घरपोच येते, रंगाच्या इवल्या बाटल्यांसकट आणि सगळे भाग जागच्या जागी. मी म्हणते, छान आहे. पण मग करायचं काय उरलं, ते मला कळत नाही.

दादांची काम करायची एक पद्धत होती आणि ती मोडलेली त्यांना खपत नसे. रंग नेहमी आईच्या जुन्या नायलॉनच्या साडीच्या तुकड्यातून गाळायचा. रंग द्यायच्या आधी गाडी टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसायची, बोटांचा तेलकटपणा काढायचा, मग ती कोरडी होईपर्यंत हात लावायचा नाही. आणि दोन बाटल्या कधीही एकमेकींजवळ ठेवायच्या नाहीत. दोन्ही खोकल्याच्या औषधाच्या, सारख्याच तपकिरी. एकीत टर्पेंटाइन, पुसायला आणि रंग पातळ करायला. दुसरीत कारखान्यातलं थिनर. ते प्लास्टिकला खातं. चौकटीचे उरलेले तुकडे त्या थिनरमध्ये टाकले की विरघळून त्याची खळ व्हायची आणि ती खळ म्हणजे आमचा गोंद. थिनरच्या बाटलीच्या गळ्याला दादांनी लाल दोरा बांधला होता. "दोरा दिसला की हात मागं," असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी तेव्हा नऊ वर्षांची असेन. त्यांच्या डाव्या हाताला रंगाचा एक रिकामा डबा पालथा घातलेला असायचा, त्यावर मी बसायचे आणि मागतील ते हातात द्यायचे. पुढे मी चाकं रंगवायला लागले, मग सीट, मग एखादं दार. रविवारची ती जागा माझी होती. आईची नव्हती, गफूरचाचांची नव्हती, माझी होती. आठवड्यातले बाकीचे सहा दिवस मी त्या डब्यावर बसण्यासाठी काढायचे.

कुंदा आली ती एका पिशवीत कपडे आणि दुसऱ्या पिशवीत आत्याने दिलेल्या कुरडया घेऊन. पहिले पंधरा दिवस ती बोललीच नाही. आईच्या मागे मागे करायची, सांगायच्या आधी पाणी भरायची, भांडी घासायची, आणि आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "पोर लय गुणाची हाय." मला त्याचं काही वाटलं नाही. भांड्यांतले गुण कुणी माझ्याकडून काढून घेतले तर मी खुशीने दिले असते. मग एका रविवारी ती मागच्या दारात येऊन उभी राहिली. दादा एका गाडीची खिडकी बसवत होते. ती बराच वेळ बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "मामा, म्या बसू का हितं?" दादा म्हणाले, "बस की. विचारायचं काय त्यात?" बसायला दुसरा डबा नव्हता. दादांनी आतून पाट आणायला सांगितला आणि तिला उजव्या हाताला बसवलं, जिकडून उजेड येतो तिकडे.

दोन-तीन रविवार ती नुसती बघायची. मग दादांनी तिला दाराचं हँडल रंगवायला दिलं. ते हँडल म्हणजे तांदळाच्या कणीएवढं. मी ते करायचे तेव्हा चंदेरी रंग दारावर सांडायचाच आणि मग काडीला कापूस लावून पुसत बसावं लागायचं. कुंदाने ब्रश बुडवला, कडेला निथळवला, श्वास धरला आणि एका फटक्यात ओढून बाजूला ठेवला. हँडल चंदेरी, दार पांढरं, मधे केसाएवढीही चूक नाही. दादांनी ते डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं, मग लांब धरून पाहिलं. "छाया, हात बघ तिचा," ते म्हणाले. मी बघितला. सावळा, बारका हात, नखं कुरतडलेली. त्यात बघण्यासारखं काय होतं ते मला तेव्हा दिसलं नाही. आज दिसतं, पण तेव्हा दिसलं असतं तरी मी कबूल केलं नसतं.

त्या दिवसापासून मी तिच्यावर जळायला लागले. मत्सर हा शब्द मी मराठीच्या पुस्तकात वाचला होता, षड्रिपूंच्या यादीत शेवटचा. मला वाटायचं, शेवटचा म्हणजे सगळ्यात किरकोळ असणार. प्रत्यक्षात तो सकाळी उठल्याबरोबर भेटायचा. कुंदाची वेणी घालताना आई गुणगुणायची, तो भेटायचा. कुंदा "ताई, ताई" करत माझ्यामागे शाळेत यायची, तेव्हा तो बरोबर चालायचा. मी तिला मैत्रिणींसमोर सुधारायचे. "लय नाही, खूप म्हण. हाय नाही, आहे." ती मान हलवून "बरं ताई" म्हणायची, आणि पुढच्या वाक्यात पुन्हा लय. तिची रिबन मी दोनदा लपवली. दोन्ही वेळा ती स्वतःलाच धांदरट म्हणाली. राग यायला तिने काही वाईट करायला हवं होतं, तेही ती करेना. मग मला त्याचाही राग यायचा. दादा आता काही दाखवायचं झालं की उजवीकडे वळायचे. मुद्दाम नव्हे. ज्याला कळतं त्याच्याकडे माणूस आपोआप वळतो. माझ्या बाजूला फक्त त्यांचा खांदा उरला होता.

हिवाळा संपता संपता गफूरचाचा एक खोकं घेऊन आले. दारातूनच हाक मारली, "भाई, इस बार कमाल झाली. पूर्ण गाडी हाय, पूर्ण. सील पण तुटलं नाय." ते खोकं आम्ही चौघांनी मिळून उघडलं. आई सुद्धा पदराला हात पुसत येऊन बसली. दोन दारांची, बुटकी, पुढून चपटी गाडी. खरे रबरी टायर, काचेसारख्या खिडक्या, पाण्यात भिजवून चिकटवायची आकड्यांची चित्रं, आणि वरची बॉडी एकसंध, पांढरीशुभ्र. एकही भाग कमी नव्हता. दादांनी सगळे भाग मोजले आणि पुन्हा एकदा मोजले. आपल्या आयुष्यात एखादी गोष्ट पूर्ण येते, याची त्यांना सवय नव्हती. मग म्हणाले, "ही लाल करायची. आन पौर्णिमेला विहारात ठेवायची." वैशाखी पौर्णिमेला आमच्या विहारात वंदना झाली की मुलांच्या हस्तकलेचं प्रदर्शन असायचं. भरतकामाचे रुमाल, काड्यापेटीच्या काड्यांची घरं, मातीची फळं. वस्तूपुढे करणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी ठेवायचे. दादांची गाडी तिथे कधी गेली नव्हती, कारण ते प्रदर्शन मुलांचं. म्हणजे नाव आमच्यापैकी कुणाचं तरी लागणार होतं. वसाहतीतली शंभर माणसं ते नाव वाचणार होती. बॉडी जो रंगवेल त्याचं ते नाव, हे कुणी न सांगताही मला कळलं होतं.

दादांनी परीक्षा घेतली. पावडरच्या डब्याची दोन झाकणं आणली, एक माझ्यापुढे, एक तिच्यापुढे. तोच लाल रंग, तोच ब्रश, आधी मी, मग ती. एक हात द्यायचा आणि ठेवून द्यायचं. जेवणं झाल्यावर त्यांनी दोन्ही झाकणं मागच्या दारात उन्हाला तिरकी धरली. माझ्यावर ब्रशाचे वळ उठले होते आणि खालच्या कडेला एक ओघळ आला होता. तिच्या झाकणात दाराची चौकट दिसत होती, उलटी, अगदी स्वच्छ. दादांनी मला खूप वेळ दिला, म्हणजे झाकणं खाली ठेवायला खूप वेळ घेतला. मग साधेपणाने म्हणाले, "बॉडी कुंदा करंल. छाया, तू चाकं आन सीटा घे. चाकं सोपी नसतात." चाकं सोपीच असतात. ते मला माहीत होतं, त्यांना माहीत होतं, आणि कुंदालाही माहीत होतं, कारण तिने मान खाली घातली. संध्याकाळी आईने सुक्या बोंबलाची चटणी केली होती, जी मी कधी सोडत नसे. मी भूक नाही म्हणाले. कुंदाने माझ्या वाट्याची झाकून ठेवली. सकाळी ती मी उठून खाल्ली, पण तिच्यासमोर नाही.

पुढच्या रविवारी विहाराच्या कमिटीची बैठक होती. दादा निघताना म्हणाले, "कुंदे, मी येईपर्यंत बॉडी पुसून ठेव. रंग मी आल्यावर काढू." आई भाजीला बाजारात गेली होती. कुंदा आत हात धूत होती, साबण लावून, कोपरापर्यंत, दादांनी शिकवलं होतं तसं. मी ओट्यावर एकटी. दोन बाटल्या दोन कोपऱ्यांत. मी ठरवून काही केलं नाही, असं म्हणायची सोय इथे आहे, आणि बरीच वर्षं मी ती वापरली. पण दोरा सोडायला वेळ लागतो. दादांची गाठ घट्ट होती, मला दातांनी सोडवावी लागली. मी तो दोरा टर्पेंटाइनच्या बाटलीला बांधला, बाटल्या अदलाबदल करून जागच्या जागी ठेवल्या आणि पालथ्या डब्यावर बसून चाकं घासायला लागले.

कुंदा आली, बिनदोऱ्याची बाटली उचलली, फडकं भिजवलं. मग थांबली. "ताई, वास येगळाच येतोय का ह्याचा?" मी चाकावरून मान वर केली नाही. "नवीन बाटली आहे," मी म्हणाले. "पूस लवकर, दादा येतील." तिने टपावरून फडकं फिरवलं, मग बॉनेटवरून, मग दोन्ही बाजूंनी, दादांना आवडायचं तसं भरपूर भिजवून, न थांबता. फडकं उचललं तेव्हा त्याचे धागे टपाला चिकटून आले. तिने ते बोटाने काढायला पाहिले तर बोट आत रुतलं. पांढरं प्लास्टिक मळकट झालं, त्यावर सुरकुत्या पडल्या, बॉनेट एका कोपऱ्यात खचलं. कुंदा नुसती ते हातात धरून बसली, आणि जितकी धरून बसली तितके तिच्या बोटांचे ठसे त्यात उठत गेले. मग तिने माझ्याकडे पाहिलं. मी चाक घासत होते. मला फार आनंद झाला होता, आणि तो आनंद साधारण दादांची चप्पल दारात वाजेपर्यंत टिकला.

दादांनी गाडी हातात घेतली नाही. आधी बाटली घेतली, नाकाशी नेली. मग दुसरी घेतली, आणि तिच्या गळ्याची गाठ पाहिली. ती मी रिबनीला बांधतात तशी सुरगाठ बांधली होती. कुंदा म्हणाली, "मामा, माझ्याच हातनं झालं. मला वास आलता, तरीबी पुसलं म्या." दादा तिला म्हणाले, "जाऊ दे. तू हात धू, नाय तर कातडी जाईल." मला काहीच म्हणाले नाहीत. त्यांनी सुरगाठ ओढून सोडली, दोरा थिनरच्या बाटलीला पुन्हा त्यांच्या पद्धतीने बांधला आणि बाटल्या आत नेऊन ठेवल्या. एक थप्पड दिली असती तर मी रडले असते आणि विषय मिटला असता. आठवडाभर ते माझ्याशी लागेल तेवढंच बोलले. पाणी दे. दप्तर उचल. आईला काहीतरी शिजतंय एवढं कळलं होतं. ती एकदा म्हणाली, "काय झालंय गं तुला? तोंड बघ कसं केलंस." मी म्हणाले, परीक्षा आहे.

वसाहतीमागून शाळेत जायच्या वाटेवर एक वर्कशॉप होतं. त्याच्या कुंपणाशी एक मोडकी मोटार वर्षानुवर्षं पडून होती. टप खचलेला, बॉनेट गंजून जाळी झालेलं, खिडकीतून घाणेरी वाढलेली. आम्ही रोज तिच्याजवळून जायचो, कुणी तिच्याकडे बघत नसे. त्या आठवड्यात कुंदा तिथे थांबायला लागली. एक दिवस थांबली, दुसऱ्या दिवशी दप्तर खाली ठेवून थांबली, तिसऱ्या दिवशी गंजाला हात लावून बोटं बघत बसली. मी म्हणाले, "उशीर होतोय." ती म्हणाली, "ताई, हे लाल नसतंय बघ. आधी पिवळं, मग तपकिरी, आन कडंला काळं." त्या रविवारी तिने ती खराब झालेली बॉडी कागदातून काढली. दादांनी ती टाकली असेल असं मला वाटलं होतं. "मामा, वर्कशॉपमागची गाडी पाहिलीया का तुम्ही? ही तशीच दिसतीया." दादांनी बॉडी उन्हात धरली. सुरकुतलेला टप, खचलेलं बॉनेट, बोटांचे खळगे. खूप वेळाने त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. ते उठले, पायात चपला घातल्या, आणि मामा-भाची दोघं ती मोडकी मोटार बघायला गेली. मला कुणी ये म्हणालं नाही, येऊ नकोही म्हणालं नाही. मी वीस पावलं मागून गेले.

पुढचे तीन रविवार आमच्या ओट्यावर जे झालं तसं काम मी नंतर कुठे पाहिलं नाही, आणि ते कबूल करताना आजही माझा जीव खालीवर होतो. पेंटशॉपमधलं रेड ऑक्साइड, त्यावर गाळलेल्या विटेची पूड, चहाचं घट्ट पाणी, स्टोव्हची काजळी. कुंदा एक थर द्यायची, वाळू द्यायची, कापडाने अर्धा पुसून टाकायची, पुन्हा दुसरा. दादा नुसते बघत होते. पहिल्यांदाच ते तिला शिकवत नव्हते, तिच्याकडून शिकत होते. माझ्याकडे चाकं होती. कुंदा म्हणाली, "ताई, एक टायर पंक्चर करशील का?" मी एक टायर तापल्या उलथन्यावर दाबून चपटं केलं. ते छान झालं. कुणी मला ते छान झालं म्हणालं, तर ते कुंदाच. मला तिचा हात मोडायचा होता, आणि झालं उलटच. मी तिच्या हाताला अशी गोष्ट दिली होती, जी ती नव्या कोऱ्या लाल गाडीवर कधीच करू शकली नसती. माझ्याच थिनरने. या विचाराने मला तेव्हा झोप लागत नसे, आणि खोटं कशाला बोलू, कुंदा आता सिन्नरला चित्रकला शिकवते, तिच्या कामाचे फोटो फोनवर पाठवते, तेव्हा मी अंगठा देते खरा, पण तासाभराने.

पौर्णिमेला वंदना झाली, खिरीचे द्रोण वाटले गेले, आणि माणसं मागच्या टेबलांकडे वळली. एका ताटलीत माती, सुकलेलं गवत, आणि त्यात ती मोडकी गाडी. आधी वर्कशॉपमधला एक मिस्त्री खाली वाकला आणि वाकलेलाच राहिला. मग त्याच्यामागे माणसं जमली. कुणीतरी म्हणालं, ही तर कुंपणाजवळची. मिस्त्री म्हणाला, "रंग कळला मला. पर हा पत्रा असा कुजवला कसा? हे रंगाचं काम नाय." दादा भिंतीशी उभे होते. मी त्यांच्यापासून लांब, खांबाआड. कुंदाने गर्दीत इकडेतिकडे पाहिलं, मी दिसल्यावर बोट केलं आणि म्हणाली, "ते ताईनं केलंय. म्या नुसता रंग दिला." तिच्या तोंडावर मी तेव्हा टोमणा शोधला. नंतरही पुष्कळ वर्षं, आठवून आठवून शोधला. मला तो कधी सापडला नाही.

माणसं माझ्याकडे वळली. मिस्त्री विचारत होता, "कसं केलंस गं पोरी?" दादा भिंतीपासून पुढे आले. सदऱ्याच्या खिशातून त्यांनी घडी केलेली चिठ्ठी काढली, उलगडली आणि ताटलीला टेकवून उभी केली. कपाटांवर आकडे काढायच्या बारीक ब्रशने, काळ्या रंगात, आधीच लिहून आणलेली. दोन ओळी होत्या. वर: पत्रा, छाया. खाली: रंग, कुंदा. मग त्यांनी महिन्याभरात पहिल्यांदा सरळ माझ्याकडे पाहिलं, आणि नजर काढली नाही. लोक शाबास म्हणत होते, कुणीतरी माझ्या पाठीवर हात ठेवला. शरम मला वाटली, इतकी की पुढे कित्येक वर्षं मी त्या विहारात मागच्या टेबलांकडे गेले नाही. पण ती नंतर. त्या क्षणी ती चिठ्ठी वाचताना मला पहिल्यांदा एवढंच दिसलं, की माझं नाव वर आहे.